परतणाऱ्याचं घर आणि गावाचं दप्तर

गावात दंगल झाली की पेपरात चार दिवस बातम्या येतात. पोलिसांची तुकडी शाळेच्या खोल्यांत मुक्काम ठोकते, शांतता समितीची बैठक होते, दोन्हीकडची जाणती माणसं एकमेकांना गुलाबाची फुलं देतात, फोटो निघतो आणि विषय मिटतो. त्या दिवसांत बोचकी बांधून तालुक्याला गेलेली कुटुंबं पुढे परत आली का, याची नोंद ठेवायची पद्धत ना तहसीलमध्ये आहे ना पोलीस ठाण्यात. परतण्याचा विषय निघालाच तर तो मनांवर नेला जातो. मनं कलुषित झाली आहेत, वेळ जाऊ द्या, आपोआप निवळेल. माझं म्हणणं असं, की मनं निवळेपर्यंत थांबलं तर परतायला घर उरत नाही. माणूस गावात परत येतो की नाही हे बरंचसं ग्रामपंचायतीच्या दप्तरात, तलाठ्याच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, आणि मतदार यादीत ठरतं. ते सगळं पहिल्या काही वर्षांत, कुणी फारसं लक्ष देत नसताना ठरून जातं.

महाराष्ट्राला याचा अनुभव जुना आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. घरं बांधायला सरकारने कर्जं दिली, काहींनी वाडे पुन्हा उभे केले, पुष्कळ जण पुण्या-मुंबईकडे गेले ते गेलेच. आगीने त्यांना घालवलं हे खरं, पण त्यांचं जाणं कायमचं झालं ते नंतरच्या नऊ वर्षांत. कूळवहिवाटीचा कायदा १९४८ चाच. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली. तो कायदा हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र जमीन गेल्यावर खंड घ्यायला का होईना, वर्षातून दोनदा गावी यायचं कारणही गेलं. वाड्याचा चौथरा राहिला, त्यावर शेजाऱ्याची गंजी आली, मग गोठा आला.

दलित वस्त्यांची गोष्ट आणखी वेगळी, कारण तिथे सोडून जायला जमीन फारशी नसतेच. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यातल्या गावांतून कुटुंबं बाहेर पडली. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजी हत्याकांडानंतर, ज्यांचं कुटुंब त्यात मारलं गेलं ते भैयालाल भोतमांगे गावात राहायला परत गेले नाहीत. त्यांच्यासाठी सरकारने नोकरीची सोय केली, खटला चालला, शिक्षा झाल्या. गावातल्या त्यांच्या घराचं पुढे काय करायचं, हा प्रश्न मात्र सरकार नावाच्या कुठल्याही यंत्रणेच्या कामाच्या यादीत नव्हता. आजही नसतो.

आता अशा ठिकाणी घर सोडून जाणं दर वेळी आगीनेच होतं असं नाही. बऱ्याचदा एखादं स्टेटस, मिरवणुकीतला डीजे, थडग्याची किंवा ओट्याची जागा, आंतरधर्मीय लग्न असं काहीतरी निमित्त होतं. मग गिरणीवाला दळण ठेवून घेत नाही. किराणावाला उधारीची वही बंद करतो आणि आधीची बाकी एकरकमी मागतो. डेअरीत दुधाची फॅट अचानक कमी लागायला लागते. ट्रॅक्टरवाला पाळी घालायला 'उद्या' म्हणतो आणि वापसा निघून जातो. यातल्या एकाही गोष्टीची फिर्याद होत नाही. महिन्याभरात बाई माणूस म्हणते, पोरांना घेऊन माहेरी जाते, तुम्ही बघा काय ते. कुटुंब असं टप्प्याटप्प्याने रिकामं होतं.

याला बहिष्कार म्हणायचं तर कायदा कुठे आहे? महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, दोषारोपपत्रापासून सहा महिन्यांत खटला संपवण्याची अपेक्षा. कायदा चांगला आहे, पण तो जातपंचायतींना समोर ठेवून लिहिला गेला. एकाच समाजाच्या सदस्यांनी आपल्यातल्याच दुसऱ्या सदस्याला वाळीत टाकलं, तर तो लागतो. गावातल्या एका धर्माच्या लोकांनी दुसऱ्या धर्माच्या कुटुंबाचं दळण बंद केलं, तर त्याच्या व्याख्येत ते बसवताना वकिलाच्या नाकी नऊ येतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी अॅट्रॉसिटी कायदा आहे. त्यात सामाजिक-आर्थिक बहिष्कारही गुन्हा आहे आणि कुणाला घर वा गाव सोडायला भाग पाडणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. गावातल्या मुसलमान किंवा ख्रिश्चन घराला, किंवा एकट्या पडलेल्या कुठल्याही अल्पसंख्य घराला असं कलम नाही. २०१७ च्या कायद्यातली 'समाजाचा सदस्य' ही अट काढून 'गावातला रहिवासी' असा शब्द घातला तरी मोठं काम होईल. विधिमंडळाला एका दुरुस्तीत करता येण्यासारखी ही गोष्ट आहे. ती होत नाही, कारण मागणारं कुणी नाही.

आता घराकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, हे शहरात वाढलेल्या पिढीला माहीतच नसतं. जुन्या गावठाणातल्या बहुतेक घरांचा एकमेव कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. ती मालकीचा पुरावा नाही, घरपट्टी कुणाकडून घ्यायची एवढंच ती सांगते. तिच्यात दोन रकाने शेजारी शेजारी असतात, एक मालकाच्या नावाचा आणि दुसरा भोगवटा करणाऱ्याचा, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते तेव्हा ही वही नव्याने लिहिली जाते. गाव सोडलेल्या माणसाचं नाव आधी भोगवट्याच्या रकान्यातून जातं, तिथे शेजाऱ्याचं किंवा चुलत्याचं नाव येतं. पुढच्या खेपेला मालकाच्या रकान्यातही तेच नाव चढतं, कधी लबाडीने आणि पुष्कळदा निव्वळ आळसाने, कारण घरपट्टी तोच भरत असतो. म्हणून गाव सोडलेल्याने पहिली गोष्ट करायची ती ही, की घरपट्टी आणि पाणीपट्टी स्वतःच्या नावाने भरत राहायची आणि पावत्या जपायच्या. घर पडकं झालं असलं तरी. आकारणीची यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकत घ्यायला मुदत असते, ती यादी बघायला एक चक्कर मारावी. वीज मीटरचंही तसंच. थकबाकीपोटी जोडणी कायमची खंडित झाली की परत येताना नवीन जोडणीचा अर्ज करावा लागतो आणि त्याला मालकीचा किंवा भोगवट्याचा कागद लागतो. तो तर नमुना आठच, आणि त्यावर नाव दुसऱ्याचं. इथे माणूस अडकतो.

२०२० पासून यात स्वामित्व योजनेची भर पडली. गावठाणाची ड्रोनने मोजणी होते आणि घरोघरी मिळकत पत्रिका मिळते. योजना उपयोगाची आहे, गावठाणातल्या घराला पहिल्यांदाच खरा कागद मिळतो. पण तिची पद्धत पाहा. ड्रोन उडण्याआधी प्रत्येकाने आपल्या जागेच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारायची असते. वरून जे पांढरं दिसेल ते नकाशावर उतरतं, मग भूमी अभिलेखचा माणूस गल्लीत येऊन कुणाचं काय हे विचारतो, चौकशी होते आणि पत्रिका तयार होते. ज्याचं घर जळालं, छप्पर गेलं आणि जो मालेगावात किंवा भिवंडीत भाड्याने राहतो, त्याच्या जागेवर चुना कोण मारणार? वरून ती मोकळी जागा दिसते. शेजाऱ्याची रेघ दोन फूट पुढे आली तर हरकत घ्यायला तिथे कुणी नसतं. पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आलेली हद्द एका सकाळी कागदावर चुकीची पक्की होते, आणि मग तिच्याविरुद्ध अपिलांची पायरी चढत बसायचं. ज्या गावात पाच-दहा वर्षांत दंगल झाली असेल, तिथे मोजणीआधी गेलेल्या कुटुंबांची यादी काढून त्यांना टपालाने आणि फोनवर नोटीस देणं बंधनकारक करावं. चावडीवर डकवलेली नोटीस वाचायला तो माणूस गावात नसतो, हे सांगायला मोठी अक्कल लागत नाही.

शेतजमिनीचं थोडं बरं आहे. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि 'आपली चावडी' वर गावाचे प्रलंबित फेरफार घरबसल्या दिसतात. दर पंधरवड्याला ते उघडून बघायची सवय लावावी, एवढंच. धोका आहे तो मुदतींचा. बळजबरीने ताबा गेला तर मालकीच्या वादात न शिरता ताबा परत मागण्याचा दावा सहा महिन्यांत करावा लागतो. वाट किंवा पाणी अडवलं तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं, तिथेही सहा महिनेच. त्यातल्या त्यात कमी खर्चात होणारे हे दोन उपाय, आणि ते नेमके त्या सहा महिन्यांत संपतात ज्यात माणूस गावाकडे फिरकायला धजत नाही. त्यानंतर मालकी हक्काचा दिवाणी दावा, त्याच्या तारखा, त्याचा खर्च. बारा वर्षं उलटली की प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे इतकी वर्षं उघड ताबा आहे म्हणून जागा आमचीच, असा बचाव उभा राहतो. दंगलीनंतर जिल्हाधिकाऱ्यांनी त्या गावापुरती ही सहा महिन्यांची मुदत थांबवावी, अशी तरतूद व्हायला हवी. करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या दाव्यांच्या मुदती थांबवल्याच होत्या, तेव्हा आभाळ कोसळलं नाही.

काही जण म्हणतील, मग अशा गावात जमीन-घरांची विक्रीच बंद करा. काश्मीरमध्ये स्थलांतरितांच्या मालमत्तेसाठी १९९७ चा कायदा आहे, गुजरातमध्ये अशांत क्षेत्राचा १९९१ चा. दोन्हींचा हेतू घाईगर्दीत कवडीमोलाने होणारी विक्री रोखण्याचा. पण गुजरातमध्ये त्याच परवानगीच्या अटीचा उपयोग एका धर्माच्या माणसाला दुसऱ्या वस्तीत घर घेऊ न देण्यासाठी होतो, अशी टीका सातत्याने झाली आहे. आपल्याकडे ते लोण नको. विक्री बंद करण्यापेक्षा अशा गावातल्या खरेदीखताला पहिली तीन वर्षं विक्रेत्याला रद्द करून घ्यायचा सोपा मार्ग ठेवावा. घेणाराही मग दर पाडून मागताना दहादा विचार करील.

दप्तराचा तिसरा भाग मतदार यादीचा. गेलेल्या माणसाचं नाव कमी करण्यासाठी निवडणूक आयोगाचा नमुना सात भरून कुणीही मतदार हरकत घेऊ शकतो, आणि निवडणुकीच्या तोंडावर असे अर्ज गठ्ठ्याने येतात. लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट आहे, की तात्पुरत्या गैरहजेरीने माणसाचं सर्वसाधारण वास्तव्य संपत नाही. पण हे सांगायला सुनावणीला हजर राहावं लागतं आणि नोटीस जाते ती कुलूप असलेल्या घरावर. नाव गेलं की ग्रामसभेतला आवाज गेला. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली कमी संख्या. म्हणजे मोठ्या गावातही शंभर माणसं बसली की ठराव होतो. हे ठराव काय थराला जातात ते आपण पाहिलं आहे. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिंगणापुरात नव्याने येणाऱ्या मुस्लिमांची नावं मतदार यादीत घेऊ नयेत असा ठराव गाजला, नंतर दिलगिरी व्यक्त झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीत कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत असा ठराव झाला, तो गटविकास अधिकाऱ्यांनी बेकायदा ठरवला. मतदार यादी हा ग्रामसभेचा विषयच नाही. धर्म पाहून कुणाचा धंदा बंद करायचा अधिकार तिला कुठल्याच कायद्याने दिलेला नाही. असा विषय सभेपुढे आला तर तो ग्रामसेवकाने कामकाजात घेऊ नये. तो घेतो, कारण त्याला त्याच गावात नोकरी करायची असते. म्हणून ठराव रद्द झाल्यावर थांबू नये, तो लिहून घेणाऱ्याकडूनही खुलासा मागवावा.

आता समझोत्याविषयी. परतायची बोलणी सुरू झाली की गावातली वजनदार मंडळी मध्ये पडतात. २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने गावपातळीवर भांडणं मिटवायची सवय लावली, बांधाबांधाच्या कित्येक कज्ज्यांत ती उपकारकही ठरली. पण बक्षिसाचे गुण तंटे मिटवण्यावर होते, आणि मिटवणं म्हणजे बहुधा कमजोर बाजूने फिर्याद मागे घेणं. समझोत्याच्या अटी ठरलेल्या असतात. केस काढून घ्या. पत्रकारांशी बोलू नका. भोंगा उतरवा. चौकातलं दुकान पुन्हा लावू नका. भाडेकरू ठेवाल तर आम्हाला विचारून. सगळं तोंडी, पारावर. पाळायचं ते परतणाऱ्याने, समोरच्याकडून कबूल काहीच नाही. पोलीसही दोन्हीकडच्यांना शांततेचं हमीपत्र द्यायला लावतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. गावात त्याला चॅप्टर म्हणतात. ज्याचं घर फुटलं तोही चॅप्टरमध्ये आणि ज्याने फोडलं तोही. परत येणाऱ्याला याचा अर्थ बरोबर कळतो.

समझोता करूच नये असं नाही. तो लेखी असावा, पोलीस पाटील आणि ग्रामसेवकासमोर सह्या व्हाव्यात आणि दोन्ही बाजूंनी काय करायचं ते तारखांसह लिहावं. पाणी कोणत्या नळाला, दळण कुठे, थकलेली उधारी किती हप्त्यांत, पडलेली भिंत कुणी आणि कधीपर्यंत बांधून द्यायची. फौजदारी फिर्याद हा समझोत्याचा विषय ठेवू नये. अॅट्रॉसिटीचा गुन्हा तर गावाने मिटवला म्हणून मिटत नाही. पंचनाम्याच्या वेळी घरमालक हजर नव्हता, तर परतल्यावर फेरपंचनामा मागावा. १४ जुलै २०२४ ला विशाळगडावरच्या अतिक्रमणांच्या वादातून गजापुरात घरांची मोडतोड झाली. अशा ठिकाणी पहिल्या पंचनाम्यात भिंती आणि पत्रे येतात. दागिने, धान्याची कणगी, शिलाई मशीन, पोरांचे दाखले राहून जातात, कारण आत काय होतं हे सांगणारा पळालेला असतो.

गाव बदललेलं असतं ते आणखी एका अंगाने. वेशीवर नवी कमान येते, चौकाचं नाव बदलतं, सप्ताहाचा मंडप पूर्वी देवळापुढे असायचा तो रस्त्यावर येतो, नमाजाच्या वेळेलाच मिरवणूक मशिदीपाशी रेंगाळते. दुसरीकडे उरुसात गावातल्या मानकऱ्यांना पूर्वी मिळणारा मानही कुणी बाहेरच्या मौलवीच्या सांगण्यावरून बंद केलेला असतो, हेही होतं आणि तेही तितकंच तोडणारं असतं. यातल्या प्रत्येक गोष्टीवर परतणाऱ्याने भांडावं असं मी म्हणणार नाही. कमानीला हरकत घेऊन कुणाचं घर बसत नाही. दोन गोष्टींवर मात्र ठाम राहावं. एक म्हणजे वर्गणी. ती धमकावून घेता येत नाही आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१-क कलमाखाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी असल्याशिवाय गोळा करता येत नाही. स्वखुशीने द्यायची तर द्यावी, पावती घ्यावी. न देणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहिणं हा दहशतीचाच प्रकार. दुसरी म्हणजे मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री दहानंतर भोंगा नाही, हे देशभर आहेच. मशिदीपुढून जायचं तर किती वाजता, न थांबता की थांबून, हे परवान्यावर लिहून घ्यावं. तोंडी 'शांततेत जाऊ' याला किंमत नाही.

कडेगावच्या मोहरमात ताबुतांचे मान हिंदू घराण्यांकडेही आहेत, वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. सलोख्याची ही उदाहरणं दर वर्षी कौतुकाने छापली जातात. ती टिकली ती कामं वाटलेली आहेत म्हणून. कुणी कोणतं ताबूत धरायचं, आरतीला कोण, विसर्जनाला कोण, हे घराण्यांनुसार ठरलेलं असतं आणि एखाद्याने आपलं काम सोडलं तर सणच अडतो. ज्या गावात असा मान परतणाऱ्याच्या घराकडे होता, तिथे तो पहिल्याच वर्षी परत द्यावा. बाकी सत्कार, शाली नकोत.

गावकऱ्यांचा एक आक्षेप रास्त आहे. ते म्हणतात, आम्ही कुणाला जा म्हटलं नाही, दगड मारणारी पोरं बाहेरून आली होती, आणि आता सगळं गाव गुन्हेगार ठरतंय. बाहेरून पोरं येतात हे खरं. पण दळण बाहेरच्यांनी बंद केलं नव्हतं आणि नमुना आठवर नाव बाहेरच्यांनी चढवलं नव्हतं. गावाला अपराधी ठरवायची गरज नाही. गावाच्या हातात ज्या गोष्टी होत्या आणि आहेत, तेवढ्यांचाच हिशेब मागायचा. तो फार मोठा नसतो. एका ग्रामसभेत आणि तलाठ्याच्या चार फेऱ्यांत पुरा होतो.

सरकारी यंत्रणेची चूक वेगळ्या जागी होते. कुटुंब परततं ते एकदम नाही. आधी म्हातारा येतो, पेरणीच्या आधी, एकटा, आणि घर झाडून रात्री तालुक्याला परत जातो. मग कर्ता पुरुष काढणीला मुक्काम करतो. बाया नंतर येतात, बहुधा पाण्याची सोय आणि शेजारणीचा भरवसा बघून. मुलं सर्वांत शेवटी, कारण शाळेचा दाखला तालुक्यातल्या शाळेत गेलेला असतो आणि गावच्या वर्गात पोरांना काय काय ऐकावं लागतं ते सगळ्यांना माहीत असतं. तलाठी मात्र म्हातारा दिसला, की अहवालात 'कुटुंब गावी परतले' असा शेरा मारतो, बंदोबस्त उठतो, फाईल बंद होते. हा शेरा मारायचा अधिकार तलाठ्याकडून काढून जिल्हा परिषद शाळेच्या हजेरीपटावर सोपवावा. त्या घरातल्या मुलांचं नाव पटावर परत येऊन एक पूर्ण सत्र होईपर्यंत पुनर्वसनाची फाईल उघडी ठेवावी, आणि तोवर त्या कुटुंबाच्या नोटिसा तालुक्यातल्या त्याच्या भाड्याच्या पत्त्यावरही जाव्यात.